लोड 8, फ्री 200 एमबी, डिस्क 100 टक्के: काळ्या पडद्यावरचे आकडे नेमकं काय सांगतात?

सर्व्हर मंदावला की कुणीतरी टर्मिनल, म्हणजे कमांड टाईप करायचा काळा पडदा, उघडतं, दोन-तीन कमांड्स देतं आणि निदान जाहीर करतं: लोड 8 वर गेलाय, मेमरी फक्त 200 एमबी उरलीय, डिस्क 100 टक्के भरलीय. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण यंत्राला 16 कोअर असतील तर लोड 8 म्हणजे निम्मी क्षमता अजून शिल्लक आहे. 200 एमबी ‘फ्री’ हे बहुतेक वेळा ठणठणीत यंत्राचं लक्षण असतं. आणि डिस्क खरोखर भरलेली असली, तरी मोठी फाईल पुसून ती रिकामी होईलच असं नाही.

कमांड्स पाठ करणं हा यातला सोपा भाग आहे. रोजच्या कामाला डझनभर पुरतात. गाडी अडते ती पुढे, कारण समोर दिसणारा आकडा नक्की काय मोजतोय हे कुणी सांगितलेलं नसतं. हा लेख त्या आकड्यांबद्दल आहे. उदाहरणं लिनक्सची आहेत, कारण इंटरनेटवरचे बहुसंख्य सर्व्हर त्यावर चालतात.

एक सूचना आधीच. कमांड्स इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाईप करताना त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत द्यायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं म्हटलेलं आहे. लिनक्स लहान आणि मोठं अक्षर वेगळं मानतं, त्यामुळे हा फरक महत्त्वाचा.

खिडक्या आणि बटणं असताना काळा पडदा कशाला?

बहुतेक सर्व्हरना पडदाच जोडलेला नसतो. त्यांच्याशी बोलायचं ते दुरून, एसएसएच नावाच्या सुरक्षित जोडणीवरून, आणि तिथे फक्त अक्षरं ये-जा करतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. यंत्राचा श्वास कोंडलेला असताना रंगीत आलेखांचं साधन उघडायचं तर त्यालाही मेमरी आणि प्रोसेसर लागतो, म्हणजे ज्याची टंचाई आहे तेच. अक्षरी कमांड अशा वेळीही बहुधा उत्तर देते.

नावं इतकी आखूड का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. युनिक्सची सुरुवात 1969 मध्ये बेल लॅब्जमध्ये झाली. तेव्हा पडद्याऐवजी कागदावर छापणारी टेलिटाईप यंत्रं वापरत. त्या काळच्या एका प्रचलित यंत्राचा वेग सेकंदाला 10 अक्षरं होता. प्रत्येक अक्षर जड होतं, म्हणून पीएस, डीएफ, आरएम अशी दोन अक्षरी नावं आली आणि तशीच राहिली.

पुढे वारंवार येणारे दोन शब्द आताच समजून घेऊ. चालू असलेला प्रोग्राम म्हणजे प्रोसेस. प्रत्येकीला एक क्रमांक असतो, त्याला पीआयडी म्हणतात. आणि प्रोसेसर, मेमरी, डिस्क कुणाला किती वेळ द्यायची हे ठरवणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल.

यंत्राला एखादं ग्रंथालय समजा. काउंटरवर बसलेले कर्मचारी म्हणजे प्रोसेसरचे कोअर. वाचनाचं टेबल म्हणजे मेमरी: हाताशी, पण जागा मर्यादित. आतलं कोठार म्हणजे डिस्क: ऐसपैस, पण तिथून पुस्तक आणायला वेळ लागतो. कर्नल म्हणजे ग्रंथपाल. आपण ज्या कमांड्स देतो त्यातल्या बऱ्याचशा फक्त या ग्रंथपालाची वही वाचून दाखवतात. ती वही खरोखरच ‘/प्रॉक’ नावाच्या फोल्डरमध्ये दिसते. तिथल्या बहुतेक फाईल्सचा आकार शून्य दिसतो, कारण त्या डिस्कवर नसतातच. उघडल्या त्या क्षणी कर्नल त्यांत मजकूर भरतो. पीएस, टॉप, फ्री या तिन्ही कमांड्स आपली माहिती तिथूनच घेतात.

लोड म्हणजे टक्केवारी नव्हे

पहिली कमांड ‘अपटाइम’. ती यंत्र किती काळ चालू आहे ते सांगते आणि शेवटी तीन आकडे देते: गेल्या 1, 5 आणि 15 मिनिटांचा सरासरी लोड. कर्नल साधारण दर 5 सेकंदांनी मोजणी करतो आणि ताज्या मोजणीला जास्त वजन देतो.

लोड म्हणजे काउंटरवर सेवा घेत असलेले अधिक रांगेत उभे असलेले. कर्मचारी किती आहेत हे माहीत नसेल तर या आकड्याला काही अर्थ नाही. म्हणून लगेच दुसरी कमांड द्यायची: ‘एनप्रॉक’. ती कोअरची संख्या सांगते. 4 कोअर आणि लोड 4, तर सगळे कामात आहेत पण कुणी ताटकळत नाही. 2 कोअर आणि लोड 8, तर प्रत्येक कामामागे आणखी तीन कामं उभी आहेत.

तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचले की दिशा कळते. ‘9.10, 4.00, 1.50’ म्हणजे त्रास नुकताच सुरू झालाय. ‘1.50, 4.00, 9.10’ म्हणजे वादळ येऊन गेलं, तुम्ही उशिरा पोहोचलात.

लिनक्सच्या लोडमध्ये एक गोष्ट अशी आहे जी अनुभवी लोकांनाही चकवते. त्यात फक्त प्रोसेसरची वाट पाहणाऱ्या प्रोसेस मोजल्या जात नाहीत. डिस्कच्या उत्तरासाठी अडकलेल्याही मोजल्या जातात, म्हणजे कोठारातून पुस्तक येण्याची वाट पाहत उभे असलेले वाचकसुद्धा. हा बदल 1993 मध्ये झाला. त्यामुळे लोड 40 आणि प्रोसेसर जवळपास मोकळा, असं चित्र खुशाल दिसू शकतं. नेटवर्कवरून जोडलेली एखादी डिस्क प्रतिसाद देईनाशी झाली की हमखास असंच होतं. तिथे जास्त कोअर विकत घेऊन काडीचाही फरक पडत नाही.

टॉप: अर्धं निदान एका पडद्यात

‘टॉप’ दिलं की दर 3 सेकंदांनी ताजी होणारी यादी दिसते. बाहेर पडायला क्यू. यादी प्रोसेसरच्या वापरानुसार लागलेली असते. मोठा एम दाबला तर मेमरीनुसार लागते, मोठा पी दाबला की परत पहिल्यासारखी. 1 हा आकडा दाबला की प्रत्येक कोअरची वेगळी ओळ दिसते.

नवख्या माणसाची नजर थेट खालच्या यादीकडे जाते. आधी वरची ‘%सीपीयू’ची ओळ वाचावी. तिथे ‘यूएस’ म्हणजे तुमच्या प्रोग्राम्सनी घेतलेला वेळ, ‘एसवाय’ म्हणजे कर्नलने घेतलेला, ‘आयडी’ म्हणजे रिकामा. ‘डब्ल्यूए’ म्हणजेही प्रोसेसर रिकामाच, पण कुणीतरी डिस्कच्या उत्तराची वाट पाहत असताना. डब्ल्यूए जास्त असेल तर संशय डिस्कवर. उलट बाजू मात्र खरी नाही. डब्ल्यूए शून्याजवळ आहे म्हणून डिस्क निर्दोष असं म्हणता येत नाही, कारण प्रोसेसरला दुसरं काम मिळालं की तो रिकामा राहत नाही आणि हा आकडा आपोआप खाली येतो.

भाड्याच्या क्लाऊड यंत्रावर ‘एसटी’ हा आकडा जरूर पाहा. तुमच्या यंत्राला प्रोसेसर हवा होता, पण खालच्या खऱ्या यंत्राने तेवढा वेळ शेजाऱ्याला दिला, असा त्याचा अर्थ. तो सतत 10-20 असेल तर तुमच्या प्रोग्राममध्ये कितीही शोधा, दोष तिथे सापडणार नाही.

खालच्या यादीत एखादी प्रोसेस 350 टक्के दाखवते तेव्हा गोंधळायचं कारण नाही. इथे 100 टक्के म्हणजे एक पूर्ण कोअर, म्हणजे ती साडेतीन कोअर वापरतेय.

आता ‘पीएस एयूएक्स’. ही त्या क्षणीची सगळी यादी देते. टॉपमध्ये 95 टक्के दिसणारी प्रोसेस पीएसमध्ये 2 टक्के का दिसते, असं बरेच जण विचारतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत. टॉप गेल्या काही सेकंदांचा वापर सांगतं. पीएस मात्र प्रोसेस सुरू झाल्यापासूनची सरासरी काढतं. दहा दिवस शांत बसलेली प्रोसेस पाच मिनिटांपूर्वी वेडीपिशी झाली, तर पीएसला ते दिसणारच नाही. ‘आत्ता’ काय चाललंय हे हवं असेल तेव्हा टॉप.

पीएसच्या यादीत ‘स्टॅट’ हा रकाना असतो. आर म्हणजे पळतेय किंवा पळायला तयार, एस म्हणजे निवांत वाट पाहतेय, टी म्हणजे थांबवून ठेवलेली. डी म्हणजे डिस्कसारख्या गोष्टीत अडकलेली. झेड म्हणजे झोंबी: प्रोसेस मेली आहे, पण जिने तिला जन्म दिला त्या प्रोसेसने तिची नोंद अजून बंद केलेली नाही. झोंबी प्रोसेसर किंवा मेमरी खात नाही, यादीतला एक क्रमांक तेवढा अडवते. दोन-चार असतील तर दुर्लक्ष करा. शेकड्यांनी वाढत असतील तर त्यांच्या पालक प्रोसेसमध्ये चूक आहे.

मेमरी रिकामी नाही, म्हणजे कमी पडतेय का?

‘फ्री -एच’ द्या. -एच म्हणजे आकडे माणसाला वाचता येतील असे, जीबी-एमबीत. 8 जीबीच्या यंत्रावर असं काहीसं दिसेल: टोटल 7.7, यूज्ड 2.1, फ्री 0.2, बफ/कॅश 5.4, अव्हेलेबल 5.2.

इथेच सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. ‘फ्री’ खाली 0.2 दिसतं आणि रॅम वाढवण्याची मागणी निघते. ग्रंथालयात परत या. कोठारातून आणलेलं पुस्तक वाचून झालं, टेबलावर जागा आहे. ग्रंथपाल ते लगेच आत ठेवेल का? नाही ठेवणार. कुणी पुन्हा मागितलं तर हाताशी असावं म्हणून टेबलावरच राहू देईल आणि नव्या वाचकाला जागा हवी झाली की त्या क्षणी उचलेल. कर्नल अगदी हेच करतो. डिस्कवरून वाचलेला मजकूर तो मोकळ्या मेमरीत ठेवून देतो, त्याला कॅश म्हणतात. मोकळी पडून राहिलेली रॅम कुणाच्याच उपयोगाची नसते.

म्हणून वाचायचा रकाना ‘अव्हेलेबल’. नवीन प्रोग्रामला स्वॅपला (डिस्कवरच्या राखीव जागेला) हात न लावता अंदाजे किती मेमरी देता येईल, याचा तो हिशेब आहे. हा आकडा कर्नलच्या 3.14 या 2014 मधल्या आवृत्तीपासून उपलब्ध झाला. त्याआधीच्या काळात लिहिलेले बरेच सल्ले आजही फिरत असतात, आणि ‘कॅश साफ करणारी कमांड दर तासाला चालवा’ हा त्यातला सर्वात घातक. त्याने ‘फ्री’चा आकडा फुगतो आणि यंत्र मंदावतं, कारण टेबलावरची सगळी पुस्तकं पुन्हा कोठारातून आणावी लागतात.

मग खरी टंचाई कशी ओळखायची? ‘व्हीएमस्टॅट 1’ द्या. दर सेकंदाला एक ओळ येत राहील, कंट्रोल-सी दाबून थांबवा. पहिली ओळ सोडून द्या, ती यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे रकाने पाहा. टेबलावर जागा संपली की कर्नल काही मजकूर डिस्कवरच्या राखीव जागेत हलवतो, तिला स्वॅप म्हणतात. एसओ म्हणजे बाहेर हलवलं, एसआय म्हणजे परत आणलं. स्वॅपमध्ये 1 जीबी पडून आहे आणि हे दोन्ही रकाने शून्य आहेत, तर काळजी नाही: कुणालाही नको असलेला मजकूर बाजूला ठेवलाय इतकंच. दोन्ही रकाने सेकंदामागून सेकंद हलत असतील, तर मात्र यंत्र नुसतं ने-आण करण्यात दमतंय.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर. मेमरी उरलीच नाही की कर्नल प्रत्येक प्रोसेसला गुण देतो आणि सर्वाधिक गुणांची, बहुतेक वेळा सर्वात जास्त मेमरी घेणारी, प्रोसेस मारून टाकतो. डेटाबेस ‘आपोआप बंद पडला’ आणि त्याच्या स्वतःच्या लॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदीत) काहीच नाही, अशी तक्रार असेल तर आधी इथे शोधा:

जर्नलसीटीएल -के | ग्रेप -आय "किल्ड प्रोसेस"

मधली उभी रेघ म्हणजे पाइप: डावीकडच्या कमांडचं उत्तर उजवीकडच्या कमांडला द्यायचं. ग्रेप त्यातून शब्द जुळणाऱ्या ओळी निवडतो. प्रोग्राम 137 या कोडने संपला असेल तर तीही खूण समजा. 128 अधिक 9, आणि 9 हा जबरदस्तीने मारण्याच्या संदेशाचा क्रमांक आहे.

फाईल पुसली, तरी डिस्क भरलेलीच?

‘डीएफ -एच’ प्रत्येक डिस्क किती भरली ते सांगतं. कुठे भरली ते ‘डीयू’ सांगतं:

सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=1 / | सॉर्ट -एच

सुडो म्हणजे ही कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालव. -एक्स दुसऱ्या जोडलेल्या डिस्कमध्ये शिरू देत नाही, आणि सॉर्टमुळे सर्वात मोठा फोल्डर तळाशी येतो. त्यात शिरून तीच कमांड पुन्हा द्यायची. तीन-चार फेऱ्यांत मूळ सापडतं, बहुधा ‘/व्हार/लॉग’मध्ये.

आता खरी गंमत, आणि इथे थोडं थांबायला हवं. 30 जीबीची लॉग फाईल सापडली, ‘आरएम’ने पुसली, पुन्हा डीएफ पाहिलं. जागा तेवढीच. डीयू म्हणतं 12 जीबी वापरात, डीएफ म्हणतं 42. दोघांतलं कुणीही खोटं बोलत नाही.

लिनक्समध्ये फाईलचं नाव आणि फाईल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरएम फक्त नाव खोडतं, म्हणजे सूचीतलं कार्ड काढून टाकतं. पण एखादा वाचक ते पुस्तक हातात धरून बसला असेल, तर त्याची जागा मोकळी कशी होणार? प्रोग्रामने फाईल उघडून ठेवली आहे तोवर तिची जागा सुटत नाही. डीयू कार्डं मोजतं, डीएफ प्रत्यक्ष जागा मोजतं. असे अडून बसलेले वाचक शोधायची कमांड:

सुडो एलएसओएफ +एल1

यातला एल मोठा. ज्या सर्व्हिसचं (मागे कायम चालणाऱ्या प्रोग्रामचं) नाव दिसेल ती रीस्टार्ट केली की जागा सुटते. म्हणून चालू लॉग कधीही आरएमने पुसू नये. ‘ट्रंकेट -एस 0’ आणि पुढे फाईलचं नाव द्यावं. फाईल राहते, आतला मजकूर जातो, जागा लगेच मिळते. त्या लॉगची गरज नाही याची खात्री करूनच, कारण तो परत येत नाही.

कधी डीएफ 60 टक्के दाखवतं आणि तरीही ‘डिस्कवर जागा नाही’ असा संदेश येतो. तेव्हा ‘डीएफ -आय’ द्या. प्रत्येक फाईलला आयनोड नावाची एक नोंद लागते, आणि ईएक्सटी4 प्रकारच्या डिस्कवर या नोंदी किती असतील ते डिस्क तयार करतानाच ठरतं. कोठारात जागा आहे, पण नोंदवहीच्या ओळी संपल्या. लाखो चिमुकल्या फाईल्स तयार करणारा प्रोग्राम, म्हणजे सेशनच्या फाईल्स किंवा न पाठवलेले ईमेल, हे नेहमीचं कारण.

आणखी एक छोटा खुलासा. ईएक्सटी4 मूळ मांडणीत 5 टक्के जागा प्रशासकासाठी राखून ठेवतं. 100 जीबीच्या डिस्कवर 5 जीबी ‘गायब’ वाटतात ते यामुळे. ही राखीव जागा आहे म्हणूनच डिस्क भरल्यावरही प्रशासकाला काम करून ती साफ करता येते.

सरळ किल -9 का देऊ नये?

‘किल’ या नावाने मोठा गैरसमज केलाय. ती कमांड प्रोसेसला संदेश पाठवते, आणि संदेश अनेक आहेत. काहीच न सांगता किल आणि पीआयडी दिला तर संदेश 15 जातो: आवरून घे आणि बंद हो. चांगला प्रोग्राम हातातलं लेखन पूर्ण करतो, तात्पुरत्या फाईल्स काढतो, कुलूप म्हणून ठेवलेली फाईल हटवतो आणि मग जातो. संदेश 9 प्रोसेसपर्यंत पोहोचतच नाही. कर्नल तिला जागच्या जागी संपवतो. अर्धवट लिहिलेली फाईल तशीच राहते, कुलूप तसंच राहतं, आणि पुढच्या वेळी प्रोग्राम ‘मी आधीच चालू आहे’ म्हणून सुरू व्हायला नकार देतो. डेटाबेसला सुरू होताना दुरुस्तीची लांबलचक प्रक्रिया करावी लागते.

आधी 15 द्या, दहा-वीस सेकंद थांबा, डेटाबेस असेल तर काही मिनिटं. तरी हलली नाही तर 9. आणि 9 नेही मरत नसेल तर पीएसमध्ये स्टॅट पाहा. डी असेल तर ती डिस्कच्या उत्तरासाठी कर्नलच्या आत अडकली आहे, ते येईपर्यंत संदेश थांबून राहतो. पुन्हा पुन्हा किल देऊन काही होत नाही, डिस्क किंवा नेटवर्क दुरुस्त करा. झेड असेल तर ती मेलेलीच आहे.

नावावरून संपवायचं असेल तर ‘पीकिल’. पण आधी तोच शब्द ‘पीग्रेप -ए’ला देऊन कोण कोण जाळ्यात येतंय ते बघा. अपेक्षा एकीची असते आणि यादीत चार दिसतात.

कंट्रोल-सी आणि कंट्रोल-झेड यांची गल्लत तर रोजची. पहिलं बंद व्हायला सांगतं. दुसरं फक्त गोठवून ठेवतं: प्रोग्राम पडद्यावरून जातो, पण मेमरी धरून तसाच असतो. ‘जॉब्ज’ दिलं की असे गोठवलेले दिसतात, ‘एफजी’ दिलं की परत समोर येतात.

कायम चालणाऱ्या सर्व्हिससाठी किल वापरूच नये. आजच्या बहुतेक लिनक्समध्ये त्यांची देखरेख सिस्टिमडी करतं. तुम्ही मारलं आणि ‘बंद पडली तर पुन्हा सुरू कर’ अशी सूचना असेल, तर ती लगेच उठून उभी राहते. तिथे ‘सिस्टिमसीटीएल’ला स्टेटस, स्टॉप किंवा रीस्टार्ट हा शब्द आणि सर्व्हिसचं नाव द्यायचं. स्टॉप दिल्यावर सिस्टिमडी आधी 15 पाठवतं, मूळ मांडणीत 90 सेकंद वाट पाहतं, मगच 9 देतं. एक नेहमीची चूक: ‘स्टार्ट’ म्हणजे आत्ता सुरू कर, ‘एनेबल’ म्हणजे यंत्र सुरू होताना सुरू कर. फक्त स्टार्ट दिलेली सर्व्हिस महिनोन्‌महिने नीट चालते आणि पहिल्याच रीस्टार्टनंतर सापडत नाही. ‘एनेबल --नाऊ’ दोन्ही एकदम करतं.

सर्व्हिस चालू आहे, पण बाहेरून लागत नाही

सुडो एसएस -टीएलएनपी

कोणती प्रोसेस कोणत्या पोर्टवर कान लावून बसली आहे, ते यात दिसतं. पोर्ट म्हणजे यंत्राच्या पत्त्यावरचा दार क्रमांक. इथे फक्त पत्त्याचा रकाना वाचा. ‘127.0.0.1:5432’ असेल तर ते दार आतूनच उघडतं, बाहेरच्या यंत्राला ते कधीच लागणार नाही. ‘0.0.0.0:5432’ असेल तर सर्वांसाठी उघडं आहे, आणि तरीही लागत नसेल तर वाटेतल्या फायरवॉलकडे (नको ती जोडणी अडवणाऱ्या पहारेकऱ्याकडे) पाहा. डेटाबेस 0.0.0.0 वर दिसला आणि तसं ठरवलेलं नसेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते बंद करा.

एका चुकीच्या कमांडने सगळं उडालं तर?

हा आक्षेप योग्य आहे. 31 जानेवारी 2017 ला प्रोग्राम्सचा कोड साठवून देणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या एका अभियंत्याला दुय्यम डेटाबेसचा फोल्डर रिकामा करायचा होता. कमांड मुख्य सर्व्हरवर दिली गेली. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, पण तोवर सुमारे 300 जीबीमधले जेमतेम साडेचार जीबी उरले होते. जवळपास सहा तासांची नोंद कायमची गेली. हे सगळं कंपनीने स्वतः उघडपणे लिहून ठेवलंय, आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

टर्मिनलमध्ये कचरापेटी नसते. आरएमने गेलं ते गेलं. त्यातल्या त्यात सवयी लावून घ्याव्यात. पुसण्याआधी ‘होस्टनेम’ आणि ‘पीडब्ल्यूडी’ द्या: कोणतं यंत्र, कोणता फोल्डर. जो नमुना आरएमला देणार तोच आधी ‘एलएस’ला द्या आणि यादी डोळ्यांखालून घाला. मुख्य सर्व्हरच्या खिडकीला वेगळा, भडक रंग द्या. आरएम ‘/’ पुसायला स्वतःहून नकार देतं हे खरं, पण ‘/*’ला हे संरक्षण मिळत नाही, कारण आरएमपर्यंत पोहोचेतो शेलने (आपण टाईप केलेली कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामने) त्या तारकेच्या जागी सगळ्या फोल्डरांची नावं भरलेली असतात. चुकून पडलेली एक मोकळी जागाही पुरेशी असते: एका पत्त्याचे दोन होतात.

वर सांगितलेल्या बहुतेक कमांड्स मात्र फक्त वाचतात. अपटाइम, टॉप, पीएस, फ्री, व्हीएमस्टॅट, डीएफ, डीयू, एसएस यांनी काहीही मोडत नाही. शिकणाऱ्याने त्या रोज, यंत्र ठीक असतानाही द्याव्यात. नेहमीचा लोड किती हे माहीत नसेल तर आजचा जास्त आहे की नाही हे कशावरून ठरवणार?

विंडोज आणि मॅकबद्दल थोडक्यात. मॅकवर टॉप, पीएस, डीएफ, डीयू, एलएसओएफ, किल मिळतात, पण काही पर्याय वेगळे आहेत. फ्री, एसएस आणि सिस्टिमसीटीएल नाहीत. विंडोजवर टास्कलिस्ट, टास्ककिल आणि नेटस्टॅट -एएनओ ही जवळची भावंडं.

रीस्टार्ट केलं की सुटतंच ना?

बऱ्याचदा सुटतं. पण कोणती प्रोसेस मेमरी खात होती, कोण डीमध्ये अडकलं होतं, कुणी पुसलेली फाईल धरून ठेवली होती, हे सगळं त्याच क्षणी पुसलं जातं. आठवड्याने तोच त्रास परत येतो आणि हातात काही नसतं. रीस्टार्ट टाळता येत नसेल तर आधी हे करा:

(अपटाइम; फ्री -एच; डीएफ -एच; डीएफ -आय; पीएस एयूएक्स; व्हीएमस्टॅट 1 5; सुडो एसएस -टीएलएनपी) > ~/नोंद.टीएक्सटी

कंसातल्या सगळ्या कमांड्सची उत्तरं एका फाईलमध्ये जमा होतात. दहा सेकंदही लागत नाहीत. डिस्क पूर्ण भरलेली असेल तर ही फाईलही लिहिली जाणार नाही, अशा वेळी शेवटचा ‘>’पासूनचा भाग गाळून पडद्यावरचा मजकूर आपल्या यंत्रावर कॉपी करून घ्या.

यंत्र परत आल्यावर ‘जर्नलसीटीएल -बी -1 -ई’ द्या. ते रीस्टार्टच्या आधीच्या सत्राचा लॉग उघडतं आणि थेट शेवटच्या ओळींवर नेतं. कमांडने ‘असं सत्रच नाही’ म्हटलं, तर त्या यंत्रावर लॉग फक्त मेमरीत ठेवला जातोय. मूळ मांडणीत ‘/व्हार/लॉग/जर्नल’ हा फोल्डर असेल तरच लॉग डिस्कवर उतरतो. सुडो एमकेडीआयआर -पी देऊन तो फोल्डर बनवा आणि सिस्टिमडी-जर्नलडी ही सर्व्हिस रीस्टार्ट करा. त्यानंतर होणाऱ्या प्रत्येक रीस्टार्टच्या आधीच्या ओळी तिथे सापडतील.